पाणी ठराव वाचत नाही

लोबानोवो हिवाळी बंदर, उत्तर द्वीना
६ डिसेंबर १९३५

थोर लेखक कॉम्रेड आर्सेनी पेत्रोविच यांस,

लोबानोवोच्या बर्फ खोदणाऱ्या टोळीचा मुकादम साव्वा ग्लुश्कोव याचा नमस्कार. ओळख पटत नसेल तर शेजारी बसलेल्या बायकोला विचारा. ती माझी सख्खी बहीण लागते.

तुमची कादंबरी आमच्याकडे पोचली. बंदराला एकच प्रत आली. ती वाचनालयानं तीन ठिकाणी उसवून तीन तुकडे शिवले, म्हणजे तीन टोळ्यांना एकाच वेळी वाचता येईल. आम्हाला मधला तुकडा मिळाला. त्यामुळे 'बर्फाचा तळ' सुरू कसा होतो आणि संपतो कसा, ते मला ठाऊक नाही. मी त्यात कसा आहे ते मात्र पुरतं कळलं.

जेवणाच्या सुट्टीत शेगडीच्या खोपटात कचेरीतली एक मुलगी मोठ्यानं वाचते. त्या दिवशी वाचता वाचता त्रिफोन आला. म्हातारा मुकादम, मिशीवर कायम बर्फ, डाव्या कानाची पाळी थंडीनं गळलेली. एवढं वाचून मुलगी थांबली. सगळं खोपट माझ्या कानाकडे बघायला लागलं.

मग तो त्रिफोन बोलायला लागला. "थंडी आपली मुकादम आहे. ती कामावर आहे, तुम्ही बसा." "घाई असेल त्यानं उन्हाळ्यात यावं, तेव्हा बोटीखालून नुसतं पोहत जाता येतं." आणि "पाणी ठराव वाचत नाही."

आर्सेनी, ही तिन्ही वाक्यं माझी. एकोणीसच्या हिवाळ्यात, याच बंदरात, तुझ्यासमोर बोललेली. तू तेव्हा माझ्या शेजारी पहार चालवायचास आणि मला वाटायचं, मेहुणा अबोल आहे, कामात जीव आहे त्याचा. जीव कामात नव्हता, कानात होता.

मिशी घेतलीस, कान घेतलास, ते जाऊ दे. जीभ का घेतलीस? आणि घेतलीस ती एका हलकटाच्या तोंडात का बसवलीस? तुझा त्रिफोन माणसांना खोपटात बसवून ठेवतो, कारण त्याला क्रांती बुडवायची आहे. मग तुझा नायक मात्वेय त्याला हाकलतो, सदरा काढून खड्ड्यात उतरतो आणि सात दिवस सात रात्री न थांबता पहार चालवून लाल आरमाराची बोट मोकळी करतो.

लेनिनग्राडच्या गरम पाण्याच्या नळाखाली विसरला असशील म्हणून सांगतो. बोट नदीत गोठलेली असते. तिच्या तळाची दुरुस्ती करायची तर भोवती बर्फात खड्डा खणायचा, पण पाण्यापर्यंत जायचं नाही. तळाशी बर्फाचा थर ठेवायचा आणि थांबायचं. उघड्या थराला थंडी लागते, तो खालच्या अंगानं जाड होतो. मग थोडं खणायचं. परत थांबायचं. असं करत बर्फाची विहीर बोटीच्या पोटाखाली जाते. ज्यानं थांबायचं सोडलं त्याच्या अंगावर नदी आली. तुझा मात्वेय पहिल्याच संध्याकाळी बुडायला हवा होता.

यंदा सगळीकडे कामाच्या विक्रमांची साथ आहे. फेब्रुवारीत बंदराची सभा भरेल, मुकादमांना एकेक करून उभं करतील आणि कोण होतास, काय केलंस ते विचारतील. मला लोक आताच त्रिफोन म्हणतात. न्हाणीघरात कुणाला म्हटलं, जरा पाठ चोळ, तर म्हणतो, थंडीला सांग, ती कामावर आहे. हसण्यावारी आहे तोवर मीही हसतो. सभेत कुणी हसणार नाही.

तू एवढंच कर. बंदर समितीला चार ओळी लिही, की त्रिफोन म्हणजे साव्वा नव्हे.

साव्वा


लेनिनग्राड
१७ डिसेंबर १९३५

साव्वा,

'थोर लेखक' वाचून मार्फा पोट धरून हसली. पुढचं वाचलं आणि तेव्हापासून मला सूप गार वाढते. तुझा हेतू तोच असेल तर साधला.

तुझ्यासारखी पत्रं माझ्याकडे ढिगानं आली आहेत. ओब, येनिसे, कामा, सगळ्या नद्यांवरून. प्रत्येक बंदरातला मुकादम म्हणतो, त्रिफोन मीच. एकाचे तर दोन्ही कान शाबूत आहेत, तसं तो स्वतःच लिहितो, तरी म्हणतो मीच. तुला एकट्याला दाखला दिला की बाकीचे आपोआप त्रिफोन ठरतील. त्यांनाही सभा आहेत.

आता खोदकाम. ते तू मला शिकवू नकोस, माझ्या तळहाताला अजून घट्टे आहेत. मी आधी खरं तेच लिहिलं होतं. माणसं बसली आहेत, पोटात काही नाही, बाहेर तोफा वाजताहेत आणि तरी बसली आहेत. संपादकानं विचारलं, या पानावर नायक काय करतोय? म्हटलं, बर्फ जाड व्हायची वाट बघतोय. आणि पुढच्या पानावर? तिथेही. तो म्हणाला, "कॉम्रेड, वाट त्यानं स्वतःच्या वेळात बघावी, वाचकाच्या नव्हे." मी घरी आलो आणि मात्वेयच्या हातात पहार दिली. पहार दिल्यावर त्याला अडवणारा कुणीतरी लागतो. 'बसा' म्हणणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला होता.

जिभेबद्दल तर तू माझे आभार मानायला हवेत. सबंध पुस्तकात वाचक हसतो तो त्रिफोन बोलतो तिथंच. मात्वेयचं एक वाक्य कुणाला पाठ नाही, माझ्या बायकोलाही नाही. माझ्या बापाला मी पुस्तकात अर्धं पान दिलं, तुला दोन प्रकरणं.

मी सूड उगवला असं तुला वाटत असणार. मार्फाला मागणी घालायला आलो तेव्हा मला दारात उभं करून तू विचारलंस, "हिला खायला काय घालणार? गोष्टी?" साव्वा, तेवीस वर्षं ती गोष्टीच खातेय आणि आता तिला जुना कोट होत नाही. सूड माझा केव्हाच उगवून झाला.

समितीला मी लिहिणार नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, लष्करातल्या वाचनालयांसाठी. अशा वेळी लेखकानं सहीनिशी सांगायचं की पुस्तकातला वाईट माणूस खरा चांगला होता? पुढचा प्रश्न तयारच असतो, मग चांगला कोण होता? तू मिशी काढ आणि सभेला जा.

आणखी एक. आमचा तिमोशा जहाजांच्या तंत्रशाळेतून पास झाला. मी नको म्हणत असताना त्यानं नेमणूक मागून घेतली ती लोबानोवोलाच. पुढच्या आठवड्यात पोचेल. त्याच्यासमोर जरा जपून बोल.

आर्सेनी


लोबानोवो
८ जानेवारी १९३६

आर्सेनी,

तुझा मुलगा आला. उंची आमच्या घराण्याची, बोलणं तुझ्या मात्वेयचं. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून याच बर्फावर फिरायचा आणि माझी टोपी ओढायचा. आता माझ्या घरी राहायला नको म्हणाला. पोरांच्या वसतिगृहात खाट घेतली. मी चुलीवर माशाचा पाव भाजून ठेवला होता, तो शेजारणीनं नेला.

आल्या आल्या त्यानं टोळी उभी केली. नाव ठेवलं 'मात्वेय टोळी'. समितीनं त्याला 'कोम्मुनार' दिली, बंदरातली सगळ्यात जड ओढबोट. मी तिच्यासाठी मार्चपर्यंतची मुदत मागितली होती. त्यानं प्रतिज्ञेवर सही केली की लाल सेनेच्या दिनाच्या, म्हणजे तेवीस फेब्रुवारीच्या आत बोटीच्या तळाचा पंखा मोकळा करून दाखवीन. मला त्याच्या हाताखाली दिलंय. मुकादम मी, हुकूम त्याचा.

परवा खड्ड्यात उतरलो आणि तळाला पहार ठोकली. जाड बर्फ दगडासारखा बोलतो, पातळ बर्फ रिकाम्या पिपासारखा. पीप बोललं. मी म्हटलं, माणसं वर घे तिमोशा, चार दिवस याला कुणी हात लावायचा नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत टोळीतला एकजण म्हणाला, "थंडी कामावर आहे, आपण बसू." सगळे हसले. तुझा मुलगा हसला नाही. त्यानं मला बाजूला नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला,

"मामा, माणूस बदलू शकतो. मात्वेयनं त्रिफोनलाही एक संधी दिली होती."

दयेनं बोलत होता रे. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

माझा दाखला राहू दे. मी तुझ्याकडे परत मागणार नाही. तू मुलाला लिही. मी काहीही खरं बोललो की ते तुझ्या पुस्तकात आधीच छापलेलं निघतं, आणि हलकटाच्या तोंडी निघतं. या बंदरात बर्फाबद्दल खरं बोलायचा हक्क तू माझ्याकडून काढून घेतलास. आता तो तुझ्या एकट्याकडे आहे. वापर.

साव्वा


लेनिनग्राड
१५ जानेवारी १९३६

साव्वा,

युक्ती चांगली आहे. दाखला मिळेना तर मुलाला पुढे करायचं. म्हातारपणी तूही गोष्टी रचायला शिकलास.

तरी लिहिलं. तुझ्यासाठी नाही. मार्फानं जेवण झाकून ठेवलं, शाईची दौत माझ्यापुढे आणली आणि लिहून होईपर्यंत झाकण उघडलं नाही. मुलाला मी स्पष्ट कळवलंय की एकोणीस साली आम्ही सगळे बसलो होतो, मीसुद्धा. घोड्याच्या जुन्या सामानाचं चामडं उकळून ते पाणी प्यायलो आणि बसलो, आणि त्या हिवाळ्यातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. ते सात दिवस आणि सात रात्री मी लेनिनग्राडला या खुर्चीत काढल्या, हेही लिहिलं. मामा म्हणेल तेव्हा थांब, असं लिहून खाली सही केली.

आता तो तुझं ऐकेल. तू मात्र जिंकल्यासारखा चेहरा करून त्याच्यासमोर फिरू नकोस.

आर्सेनी


लोबानोवो
२४ जानेवारी १९३६

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर तुमचं आहे, पण पत्र तुमचं नाही. आईला माझी काळजी वाटते आणि मामांनी तिला काहीतरी कळवलंय, एवढं मला समजतं. आई जेवण झाकून ठेवते तेव्हा तुम्ही काहीही लिहून द्याल.

तुम्ही म्हणता, पुस्तकात आहे ते खरं नाही, पत्रात आहे ते खरं. पुस्तकाला तुम्ही तीन वर्षं दिलीत, पत्राला एक संध्याकाळ. मी कशावर विश्वास ठेवू?

तंत्रशाळेच्या दुसऱ्या वर्षी फुप्फुसांच्या दुखण्यानं मी पडलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. डॉक्टरांनी शाळा सोडा म्हणून सांगितलं होतं. त्या वेळी उशाशी तुमची हस्तलिखित पानं होती, मात्वेय तिसऱ्या रात्री खड्ड्यात कोसळतो आणि परत उठतो ती. मी रोज सकाळी ती वाचायचो आणि खाटेवरून पाय खाली ठेवायचो. एक दिवस उभा राहिलो. आता तुम्ही सांगता की मात्वेय उठला नाही, तो खोपटात बसला होता. मग बाबा, मी कुणामुळे उठलो?

काम उत्तम चाललंय. मजूरही दोन पाळ्या मागून घेतात. दहा फेब्रुवारीला आम्ही पंख्याखाली शेवटचं खोदकाम सुरू करू. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला येणार आहे. खाली सगळ्यात आधी मी एकटा उतरणार, माझ्या माणसांना आधी पाठवणार नाही. हेही तुमच्या पुस्तकातूनच घेतलंय.

मामांची काळजी करू नका. त्यांना त्रिफोन म्हणायचं नाही अशी मी टोळीला ताकीद दिली आहे. फक्त ते बोलायला लागले की पोरांना हसू आवरत नाही. आईला माझा नमस्कार.

तुमचा तिमोशा


तार
लेनिनग्राड, १ फेब्रुवारी १९३६

मुलगा ऐकत नाही. मार्फा विचारते तू तिचा भाऊ आहेस की नाही. आर्सेनी.


लोबानोवो
१३ फेब्रुवारी १९३६

आर्सेनी,

हे पत्र टपालानं पाठवलेलं नाही. आमचा आगवाला नील सुट्टीवर निघालाय, त्याच्या बुटातून येतंय. वाचलंस की चुलीत घाल. लेखकाला कागद जपायची खोड असते, तेवढी आवर.

मार्फाला सांग, भाऊ आहे.

तुझी तार आल्यापासून मी रोज त्याला सांगितलं. हात जोडायचे राहिले होते, नऊ तारखेला तेही जोडले. तो म्हणाला, मामा, तुम्ही थकला आहात. दहाला दुपारी जेवणाचा भोंगा झाला आणि सगळी टोळी सुपाला गेली. तिमोशा जेवून खाली उतरणार होता. वर्तमानपत्रवाला कॅमेरा गोठू नये म्हणून तो घेऊन खोपटात बसला होता. मी खड्ड्यात उतरलो. पंख्याखालचा बर्फ काळा पडला होता. चांगला बर्फ पांढरट असतो, काळा दिसला म्हणजे तू पाणी बघतोयस. त्याच्यावर उभं राहून, गुडघे टेकून, हा मुलगा अर्धा दिवस पहार चालवणार होता.

मी कडेला शिडीवर उभा राहिलो आणि पहार टाकली. जोर लावावा लागला नाही. पाणी उफाळून आलं. मी वरच्या पायरीवर पोचेपर्यंत कमरेला लागलं होतं. खोपटातून लोक हातात चमचे घेऊन पळत आले. महिन्याभराची विहीर काठोकाठ भरली आणि तिच्यात कुणीही नव्हतं.

'कोम्मुनार' आता परत गोठलीय. यंदा तिची दुरुस्ती होत नाही. तुझा मुलगा काठावर उभा होता आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, पाण्यातच थांबलो असतो तर बरं. मला घरी बसवलंय. दाराशी पहारेकरी आहे, तो चहा माझाच पितो.

त्यांनी विचारलं, पहार चुकून पडली का? मी म्हटलं, मुद्दाम टाकली. का? तिथे मी गप्प. कारण सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, बर्फ इतका पातळ कुणी होऊ दिला? प्रतिज्ञेवर सही कुणाची? मी पंचावन्नचा, तो बावीसचा. माझं खाऊन झालंय.

आता नीट वाच. वीस तारखेच्या सभेला तुला बोलावतील. लेखकाची भेट म्हणून ते आधीच ठरलं होतं, आता तर नक्कीच. तिथे तुला विचारतील, तुमचा त्रिफोन तो हाच का? डिसेंबरात मी तुला म्हटलं होतं, नाही म्हण. आता हो म्हण. मी साव्वा असलो तर ते कारण शोधत बसतील आणि शोधता शोधता मुलापर्यंत जातील. मी त्रिफोन असलो तर कुणी शोधणार नाही. त्रिफोनला कारण लागत नाही, तो छापलेलाच तसा आहे.

तुला जड जाऊ नये. तुझी आवृत्तीही खपेल. हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही, तेव्हा गळ्यात पडायला येऊ नकोस. तुझ्या हलकटाला तू नुसतं बसवलं होतंस, पहार टाकायची छाती त्याला दिली नव्हतीस. ती माझी आहे. ती तरी पुढच्या पुस्तकात घेऊ नकोस.

साव्वा


लेनिनग्राड
२२ मार्च १९३६

नागरिक साव्वा ग्लुश्कोव,
जिल्हा तुरुंग

तुम्हाला पत्र लिहायचं मला खरं तर कारण नाही. बायकोच्या आग्रहास्तव लिहितो आहे. हे पत्र वाटेत आणखी कुणी वाचत असतील तर त्यांनाही ते कळावं.

सभेत मला विचारलं तेव्हा मी उभा राहिलो आणि बोट तुमच्याकडे केलं. म्हणालो, "हाच." सभागृहात पाच-सहाशे माणसं होती. तुम्ही मान हलवलीत, शेजारच्या गड्याचा घाव बरोबर बसला की जुना कामगार हलवतो तशी. मला ते आवडलं नाही. पुढे कुणी तुम्हाला काहीही विचारलं नाही. माझ्या एका शब्दावर सगळ्यांचं समाधान झालं. लेखकाला याहून मोठी दाद मिळत नसते.

तीन वर्षं फार नाहीत असं तुमचे वकील म्हणाले. वकिलांना कुठलीच शिक्षा फार वाटत नाही.

तुम्हाला बाहेर नेल्यावर माझा मुलगा व्यासपीठापाशी आला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "बाबा, तुमचं ते पत्र मी तेव्हाच फाडलं. मला ठाऊक होतं, वेळ आली की तुम्ही पुस्तकाच्या बाजूनं उभे राहाल." तो तुमचं नाव घेत नाही. त्याची तब्येत चांगली आहे. हात गरम होते.

मी त्रिफोनला नव्या आवृत्तीतून वगळायचं सुचवलं. संपादक म्हणाला, वेड लागलंय का, आता तर तो एकटाच खरा ठरलाय. तेव्हा तुमची दोन प्रकरणं जशीच्या तशी छापली जातील, शब्द न शब्द.

मार्फाला सगळी हकीकत ठाऊक आहे. तरी ती माझ्याशी बोलत नाही. सूप मात्र आता गरम वाढते, आणि ते मनाला जास्त लागतं. सोबत नमद्याचे बूट आणि तंबाखू आहे. ते तिनं पाठवलंय. मी फक्त दोरी बांधली.

आर्सेनी


लोबानोवो
२ डिसेंबर १९३६

नागरिक ग्लुश्कोव,

तुमचा पत्ता आईकडून मिळाला. मला हे लिहिणं सोपं जात नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

'कोम्मुनार'चं खोदकाम यंदा परत माझ्याकडे दिलंय. गेल्या हिवाळ्यातली प्रतिज्ञा राहून गेली म्हणून समितीची मेहेरबानी. तुमच्या वेळचे दोघे जुने गडी दुसऱ्या बंदरात गेले. उरलेल्यांत कामाची उमेद आहे, माहिती नाही. मी पुस्तकाचा मधला भाग परत वाचला. तळाला बर्फ किती ठेवायचा ते त्यात कुठेच दिलेलं नाही. बाबांना विचारलं तर त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं, साव्वाला विचार.

सभेत तुमच्याविरुद्ध मी हात वर केला होता. माझं मत आजही तेच आहे. ते बदललं म्हणून हे लिहितोय असं समजू नका.

वरच्या थरांना किती ठेवायचा? पंख्याखाली किती? आणि कधी थांबायचं?

दुसरं एक विचारायचं होतं. गेल्या फेब्रुवारीत, दहा तारखेला, पंख्याखाली किती उरला होता? तुम्ही खाली होतात. तुम्ही पाहिलं असेल.

तिमोफेय


पेचोरा
६ जानेवारी १९३७

तिमोशा,

इथे छावणीतही नदी आहे, तिच्यात बोटी गोठतात आणि मला पहार दिलेली आहे. त्यामुळे तुझ्या आईला सांग, बरा आहे, धंद्यात आहे. बूट पुरे पडले.

वरच्या थरांना चार बोटं पुरे. खड्डा खोल जाईल तसं खालचं पाणी जास्त जोरानं रेटतं, म्हणून खाली जाशील तसा जास्त ठेव. पंख्याखाली पुरी वीत, त्याच्या आत नाही. खड्ड्यात पडलेलं हिम रोज सकाळी झाडून काढ. ते पांघरुणाचं काम करतं, थंडी आत शिरू देत नाही, आणि तुला वाटतं आपण चार दिवस थांबलो पण थर असतो तेवढाच. वारा नसला तर थांबायचे दिवस वाढव. एका जागी दोघांनी उभं राहायचं नाही. पाझर दिसला तर ओला नमदा दाबून वर हिम घाल आणि माणसं बाहेर काढ.

मग बस. पोरं कुरकुर करतील, तुला भित्रा म्हणतील, समिती विचारायला येईल. बसून राहा. अंगमेहनतीला गडी मिळतात, या कामाला मिळत नाहीत. अगदीच बसवलं नाही तर बापाचं पुस्तक वाच. त्यानं तू एकदा उठलास, ते तुझ्या आईनं मला कळवलंय. तेवढ्यापुरतं ते पुस्तक खरं आहे, कुणी काही म्हणो.

गेल्या फेब्रुवारीतला बर्फ मी पाहिला नाही. घाईत होतो.

मला दोषी मान, माझी ना नाही. पण पंख्याखाली वीतभर ठेव.

साव्वा